बाळंतिणीच्या मनाचं काय? गरोदरपण आणि बाळंतपणातल्या मानसिक आरोग्याबद्दल कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

गरोदर बाईचं वजन होतं, रक्तदाब बघितला जातो, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. बाळ झालं की सगळ्यांच्या नजरा बाळाकडे. आईचं मन कसं आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खालचे प्रश्न बाळंतिणींचे आहेत, त्यांच्या आयांचे, सासवांचे, नवऱ्यांचे आणि आशाताईंचे आहेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे.

घाई असेल तर आधी एवढं वाचा. बाईला जीव नकोसा झाला असेल तर प्रश्न १२ बघा. ती रात्रंदिवस जागी राहून असंबद्ध बोलत असेल तर प्रश्न ११ बघा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं.

१. बाळंतपणानंतर रडू येतंच की. मग आजार कधी म्हणायचा?

बाळ झाल्यावर दुसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं, घडीत हसू घडीत आसू, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. शरीरातली संप्रेरकं एकदम उतरलेली असतात, झोप मोडलेली असते, टाके ओढत असतात. आराम आणि मायेची माणसं मिळाली की दोन आठवड्यांच्या आत हे आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही.

दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नसेल, किंवा त्याआधीच बाईला उठणं, जेवणं, बाळाकडे बघणं जड जात असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

आजार दर वेळी लगेच सुरू होतो असंही नाही. पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढतो. पाचवी झाली, बारसं झालं, पाहुणे पांगले, सव्वा महिना संपला, बाई माहेराहून सासरी आली आणि मग तिचं बिनसलं, असं पुष्कळ घरांत होतं. तोवर सगळ्यांनी धरलेलं असतं की आता ती मोकळी झाली.

२. आमच्या घरात कुणी ‘मला डिप्रेशन आलंय’ असं म्हणणार नाही. मग ओळखायचं कसं?

बरोबर आहे, कुणी म्हणत नाही. त्या म्हणतात, ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोकं सारखं जड असतंय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘अंगातलं वारं गेल्यागत झालंय’. कंबर, डोकं, हातापायाच्या मुंग्या अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात येतात आणि टॉनिकची बाटली घेऊन परत जातात.

माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण झोपेची आहे. बाळ झोपलंय, घरातलं कुणी सांभाळायला आहे, खोलीत अंधार आहे, तरीही बाईला डोळा लागत नाही. ओल्या बाळंतिणीला खरं तर पाठ टेकली की झोप यायला हवी. ती आढ्याकडे बघत पडून राहत असेल तर त्याला नुसता थकवा म्हणू नका.

बाकीच्या खुणा अशा: पूर्वी आवडायचं ते नकोसं होणं, माहेरचा फोन न उचलणं, बाळाला दुसऱ्याकडे देऊन टाकावंसं वाटणं किंवा उलट क्षणभरही खाली न ठेवणं, ‘मी आई व्हायच्या लायकीचीच नव्हते’ असं परत परत बोलणं, भांडी आपटणं. हो, रागसुद्धा. उदास बाई नेहमी रडतेच असं नाही. कित्येकदा ती फक्त कडू बोलते आणि घरचे म्हणतात, बाळ झाल्यापासून हिला माज आलाय.

३. पोटात बाळ असतानाही होतं का हे?

होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात गरोदर बायकांपैकी सुमारे १० टक्क्यांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना मानसिक आजार होतो, आणि त्यात डिप्रेशन सर्वांत जास्त. विकसनशील देशांत हेच आकडे १५.६ आणि १९.८ टक्के आहेत. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक.

डोहाळे जेवणाच्या फोटोत हसणारी बाई रात्री रडत असू शकते. गरोदरपणातली उदासी किंवा काळजी अंगावर काढली की बाळंतपणानंतर ती वाढण्याची शक्यता जास्त. म्हणून ती तेव्हाच दाखवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेच सांगता येतं.

४. कशामुळे होतं? माझं मनच कमकुवत आहे का?

नाही. एक कारण कधीच नसतं. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला आधी असा आजार झालेला असणं, अवघड बाळंतपण, बाळ काचेच्या पेटीत असणं, नवऱ्याची मारहाण किंवा दारू, पैशाची ओढाताण, जवळ आपलं माणूस नसणं, मुलगाच हवा हा धोशा, यातली चार-दोन एकत्र आली की भल्याभल्यांचं मन खचतं. काहीही नसताना, सगळं सुखाचं असतानाही होतं.

एक गोष्ट डॉक्टरांकडे आवर्जून मागा: हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी. बाळंतपणानंतर शंभरातल्या सुमारे पाच बायकांच्या थायरॉईडला सूज येते आणि तिची लक्षणं डिप्रेशनसारखीच दिसतात. रक्त कमी असलं तरी बाई अशीच गळून जाते.

५. मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी फिरते. ती खरी आहे का?

एडिनबरो प्रश्नावली असेल तर खरी आहे. १९८७ पासून ती जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचे दहा प्रश्न, एकूण ३० गुण. साधारण १० ते १३ च्या पुढे गुण गेले की डॉक्टरांना भेटायचं. चाचणीवरून निदान होत नाही, फक्त पुढे जायला हवं का ते कळतं. गुण कमी आले पण मन सांगतंय की बरं नाही, तरीही दाखवा.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला ‘कधीच नाही’ याशिवाय दुसरं काही उत्तर आलं, तर एकूण गुण बघत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

आशाताईंना विनंती आहे. प्रश्न विचारताना बाईला एकटीला घ्या. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना ‘सगळं ठीक आहे’ हेच उत्तर मिळणार. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तुमच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. बाळाचं वजन झालं की ‘चला, जरा परसात जाऊया’ म्हणायला दोन मिनिटं पुरतात.

६. कोल्हापुरात दाखवायचं कुठे? मनोविकाराच्या डॉक्टरांच्या दारात कुणी बघितलं तर?

सुरुवात त्यांच्यापासूनच करायला हवी असं नाही. ज्यांनी बाळंतपण केलं त्या डॉक्टरांना, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बाळाच्या लसीकरणाला गेल्यावर तिथल्या सिस्टरना सांगा. ‘माझी झोप गेली आहे आणि मन लागत नाही’ एवढं वाक्य पुरे.

शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. इचलकरंजीच्या बाजूला इंदिरा गांधी रुग्णालय आणि गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडे गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या तालुक्यात कोणत्या वारी येतं, ते आशाताईंना विचारा. घराबाहेर पडणंच अवघड असेल तर १४४१६ लावा. फोनवर नाव सांगायची सक्ती नाही.

लोक काय म्हणतील ही भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पण डॉक्टरांनी तुमची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे.

७. गोळ्या सुरू केल्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. या एका गैरसमजापायी किती बायका महिनोन्‌महिने बिनऔषधाच्या राहतात! डिप्रेशनवरची काही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात. सर्ट्रालिन हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं. डॉक्टरांना ‘मी बाळाला पाजते’ हे आधी सांगा, ते तसंच औषध निवडतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांनाही कळवा.

गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात काही फरक नाही म्हणून गोळी सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही सोडू नका. बरं वाटल्यानंतर साधारण सहा महिने ती चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची सवय लागते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. डिप्रेशनच्या गोळीची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका.

८. माझ्या गोळ्या आधीपासूनच चालू आहेत आणि आता दिवस गेलेत. बंद करू का?

एकदम बंद करू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. काही औषधं तशीच चालू ठेवतात, काहींचा डोस बदलतात. लिथियम (बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याच्या आजारावरचं औषध) घेणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी जास्त वेळा करावी लागते.

अपवाद लक्षात ठेवा: व्हॅल्प्रोएट. फिट्सवर आणि बायपोलर आजारावर हे औषध देतात. गरोदरपणात त्याने बाळात व्यंग निर्माण होण्याचा आणि बाळाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका बराच असतो. ते चालू असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यायला हवं. आधीच दिवस गेले असतील तर आजच फोन करा. पण तेही आपल्या मनाने थांबवू नका, फिट येऊन आई आणि बाळ दोघांना धोका होऊ शकतो.

९. नुसतं बोलून बरं होतं का?

सौम्य आणि मध्यम त्रासात होतं, आणि त्याला पुरावा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी गरोदर आणि बाळंत बायकांशी घरी जाऊन ठरावीक पद्धतीने बोलायचं, असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि बऱ्याच बायका बऱ्या झाल्या. पुढे आपल्या शेजारच्या गोव्यातही गावातल्याच साध्या बायकांना शिकवून हा प्रयोग केला गेला. मनात येणारा विचार तपासून बघणं, रोज एक छोटं काम ठरवणं, मदत मागायला शिकणं, असं त्याचं स्वरूप होतं.

म्हणजे ‘बोलणं’ म्हणजे उपदेश नव्हे. ‘बाळाकडे बघ आणि सगळं विसर’ हे समुपदेशन नाही. आजार जोराचा असेल तर बोलण्याच्या जोडीला औषध लागतंच.

१०. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळेला असलं काही नव्हतं. आम्ही चार-चार पोरं काढली. त्यांना काय सांगू?

त्यांना विचारा, तुमच्या वेळी कुणी बाळंतीण विहिरीत गेली नव्हती का? कुणाला ‘वात झाला’ म्हणून माहेरी पाठवलं नव्हतं का? कुणाला सटवाईनं धरलं म्हणत नव्हते का? जुन्या बायका थोडा वेळ गप्प होतात आणि मग एखादं नाव निघतं. ते नाव निघालं की सासू आणि सून एका बाजूला येतात, असं मी पाहिलं आहे.

शिवाय बाळंतिणीला सव्वा महिना जपायची आपली रीत आहेच. शेक, धुरी, अंगाला तेल, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सगळं मायेपोटीच असतं. तीच माया झोपेला आणि मनाला लागू करा. पाणी कमी दे, खोलीतून बाहेर पडू नको, कुणाशी बोलू नको असली पथ्यं मात्र सोडून द्या. पाजणाऱ्या बाईला पाणी आणि माणसं दोन्ही लागतात.

घरातल्यांना करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आईला सलग चार-पाच तासांची झोप मिळवून देणं. रात्री दहाला पाजून ती झोपेल, मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर भागेल आणि बाळाला नवरा किंवा आजी बघेल. हे दूध स्वच्छ वाटीत काढून वाटी-चमच्याने पाजता येतं, बाटली नको. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका. ती सांगणार नाही. लंगोट उचला आणि धुवून टाका.

११. ती तीन रात्री झोपली नाही, भलतंसलतं बडबडते, बाळ आपलं नाही म्हणते. लोक म्हणतात बाहेरचं आहे.

हे बाहेरचं नाही. ही बाळंतपणानंतरची सायकोसिस असू शकते, आणि तिच्यात तास मोजायचे असतात, आठवडे नव्हे. हजार बाळंतपणांत एक-दोघींना होते, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. न झोपताही अंगात भलताच उत्साह, कानात आवाज येणं, घरचे विष घालतायत असा संशय, घडीत गप्प घडीत आरडाओरडा अशी लक्षणं असतात. ताप असेल तर जंतुसंसर्गही असू शकतो, तोही तातडीचाच.

बाळाला घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ द्या, आईला एकटी सोडू नका, १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्या. उपचार मिळाले की बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. नवस, अंगारा यावर तुमची श्रद्धा असेल तर तो बरी झाल्यावर फेडा, आज दवाखाना. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मानसोपचार रुग्णालयात भरती करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईपासून तोडू नये, असं २०१७ चा कायदा सांगतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवण्याचा वेगळा कक्षच आहे. जिथे असा कक्ष नाही तिथे ‘बाळाला भेटवायचं कसं?’ हे डॉक्टरांना विचाराच.

१२. तिला जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल ना?

येत नाही. उलट विचारल्यावर ओझं उतरतं. स्पष्ट विचारा: ‘मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ उत्तर हो असेल तर ओरडू नका, शपथा घालू नका. जवळ बसा. घरातलं तणनाशक, कीटकनाशक, गोळ्यांची पाकिटं लगेच बाहेर काढा. शेतीवाडीच्या घरात ही वस्तू गोठ्यात हाताशी असते, म्हणून मुद्दाम सांगते. १४४१६ लावा किंवा सरळ दवाखाना गाठा.

काही घरं पोलीस केस होईल म्हणून लपवतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच २०१७ चा कायदा धरून चालतो आणि तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

१३. ‘बाळ माझ्या हातून पडेल’, ‘सुरी दिसली की भलताच विचार येतो’. मी राक्षसीण आहे का?

नाही हो. असे नको असलेले विचार नव्या आई-बापांपैकी पुष्कळांना येतात. तुम्हाला त्यांची भीती वाटते, किळस येते, तुम्ही सुरी लपवून ठेवता, यावरूनच कळतं की ते तुमचे मनसुबे नाहीत. विचार दिवसभर घेरत असतील, बाळाला अंघोळ घालायलाही हात धजत नसेल, तर तो काळजीचा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा.

विचार खरा वाटायला लागला, आवाज तसा हुकूम करतायत असं वाटलं, किंवा ‘बाळाला यातून सोडवलं पाहिजे’ असं पटायला लागलं, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा प्रश्न ११ प्रमाणे ताबडतोब हला.

१४. दुसरीही मुलगी झाली. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही.

तुमच्या उदासीचं कारण तुमच्यात नाही, घराच्या वागण्यात आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्या आकड्यामागे अशीच घरं होती. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावर ठरतं, हे शाळेच्या पुस्तकात आहे आणि ते नवऱ्यासमोर डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं. मारहाण, उपाशी ठेवणं, हाकलून देण्याच्या धमक्या असतील तर १८१ किंवा ११२ ला फोन करा. गोळी घेऊन मार सहन करणं हा उपचार नव्हे.

१५. बापालाही होतं का?

होतं, दहातल्या एखाद्याला. तो रडत नाही. तो उशिरा घरी येतो, मोबाईलमध्ये डोकं घालतो, चिडतो, पिणं वाढवतो. त्यानेही १४४१६ लावावा. बायको आजारी असेल तर त्याला होण्याची शक्यता आणखी वाढते.

१६. सातव्या महिन्यात बाळ पोटात गेलं. बारसं नाही, पाळणा नाही, मग बाळंतीण तरी म्हणायचं का?

म्हणायचं. दूध येतं, टाके असतात, संप्रेरकं तशीच उतरतात. दूध आटवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, ते कुणी आपणहून सांगत नाही. बाळाला बघायचं का, नाव ठेवायचं का, हे आईला ठरवू द्या. ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ हे वाक्य टाळा. बाळासाठी घेतलेले कपडे तिला न विचारता घरातून हलवू नका. दुःख हा आजार नाही, पण प्रश्न २ मधल्या खुणा आठवडेच्या आठवडे राहिल्या तर उपचार घ्यावेत.

१७. नोकरीत रजा आणि विमा मिळतो का?

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा असते. गर्भपात झाला तर सहा आठवडे. गरोदरपण किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत मिळते, त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं, असं २०१७ चा कायदा म्हणतो. यंत्रमागावर किंवा शेतात रोजंदारीवर जाणाऱ्यांना ही रजा सहसा मिळत नाही, ही मोठी उणीव आहे.

१८. पावसाळ्यात दिवस भरतात. पुराच्या भीतीने झोप लागत नाही.

२०१९ आणि २०२१ पाहिलेल्या बाईला ही भीती वाटणारच. आंबेवाडी, चिखली, शिरोळकडच्या घरांनी हे आधीच ठरवावं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चालली की गरोदर बाई आणि तान्हं बाळ निघालं, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. शेवटचा महिना असेल तर जुलैआधीच उंचावरच्या नातेवाइकांकडे. चालू गोळ्या महिनाभराच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाईलमध्ये फोटो, तपासणीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. ठरलं की निम्मी भीती कमी होते. निवारा केंद्रात पाजायला आडोसा हक्काने मागा.

१९. पहिल्या वेळी मला झालं होतं. दुसरं मूल होऊ द्यावं की नाही?

द्यावं की नाही हे तुमचं. ज्यांना डिप्रेशन झालं होतं त्यांना पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. सायकोसिस झाली होती किंवा बायपोलर आजार आहे त्यांना ती खूपच जास्त. पण या वेळी तुम्हाला आधीच माहीत आहे. दिवस राहण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा, औषधं ठरवून घ्या. सातव्या महिन्यात बाळंतपणाचे डॉक्टर, नवरा आणि आई-सासू यांच्याबरोबर बसून लिहून काढा: गेल्या वेळी पहिली खूण कोणती होती, ती दिसली तर फोन कोण करणार, रात्री बाळाला कोण बघणार, औषध बाळंतपणानंतर कोणत्या दिवशी सुरू करायचं. माहेरी बाळंतपण होणार असेल तर त्याची एक प्रत तिथल्या डॉक्टरांकडेही पोचवा.